एमआरआयच्या अहवालावरून मनाचे निदान होत नाही

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : माझे वय ७२. इंदूरच्या एका मराठी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. ५ वर्षांपूर्वी यजमान गेले, तेव्हापासून लोकमान्य नगरातल्या घरी एकटीच असते. १२ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेते. रक्तदाबाची गोळी चालू आहे, तरी वरचा आकडा १५०च्या आसपास असतो. यजमान गेल्यापासून झोपेसाठी अल्प्राझोलामची अर्धी गोळी घेते. मागच्या महिन्यात पहाटे बाथरूमला जायला उठले आणि चक्कर येऊन पडले. डोक्याला मार लागला म्हणून एमआरआय काढला. त्यात ‘वयानुरूप मेंदूचे आकुंचन व सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील बदल’ असे लिहून आले. हल्ली नावे पटकन आठवत नाहीत आणि महिला मंडळाच्या हिशेबात दोनदा बेरीज चुकली. मंडळात सगळ्या एकदम बोलू लागल्या की काही उमगत नाही, डोके सुन्न होते, म्हणून जाणेच सोडले आहे. माझ्या आईला ऐंशीनंतर विस्मरणाचा आजार झाला होता. पुण्यातला मुलगा म्हणतो, बँकेचे व्यवहार मी पाहतो, घर विकू आणि तू इकडे ये. एका नातेवाइकाने बुद्धिवर्धक गोळ्या आणून दिल्या आहेत. माझे डोके जाऊ लागले आहे का? गोळ्या घेऊ का? मुलाचे ऐकू का?

ताई, सप्रेम नमस्कार.

रुग्णाला न तपासता पत्रावरून निदान करणे योग्य नव्हे आणि मी ते करणारही नाही. परंतु तुमचे पत्र वाचल्यावर असे वाटले की, अहवालातल्या ज्या ओळीने तुम्हाला घाबरवले आहे ती तुमच्या वयाला बरीचशी अपेक्षितच आहे. उलट रोजच्या गोळ्या, पहाटेची चक्कर आणि मंडळातला गलका यांविषयी तुम्ही जाता जाता जे लिहिले आहे, त्याकडे आधी लक्ष द्यायला हवे, कारण त्यातल्या बहुतेक गोष्टींवर इलाज आहे.

आधी त्या ओळीविषयी लिहितो. मेंदूचे आकारमान साधारण चाळिशीनंतर हळूहळू घटू लागते आणि साठी-सत्तरीनंतर ही घट अधिक वेगाने होते. कपाळामागचा भाग आणि नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस यांत ती विशेष दिसते. रेडिओलॉजिस्टने चित्रात जे पाहिले ते नोंदवले आहे आणि ते ७२व्या वर्षी दिसावे तेवढेच आहे, असे त्याचे म्हणणे आहे. स्मृतिभ्रंश, म्हणजे ज्याला आपण सगळे आता डिमेन्शिया म्हणू लागलो आहोत, त्याचे निदान चित्रावरून होत नाही. स्मरण, भाषा, निर्णय, दिशेचे भान यांपैकी काही क्षमता पूर्वीपेक्षा स्पष्टपणे खालावल्या आहेत आणि त्यामुळे माणसाला स्वतःचे रोजचे व्यवहार स्वतंत्रपणे करता येत नाहीत, असे दिसले तरच डॉक्टर तो शब्द वापरतात. तुम्ही एकट्या राहता, घर चालवता, औषधांची नावे मात्रांसह लिहिता आणि मुद्देसूद पत्र पाठवता. तपासणीआधीही एवढे तुमच्या बाजूने नोंदवून ठेवतो. ‘सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील बदल’ हा अहवालाचा दुसरा भाग मात्र मी तितक्या सहज सोडणार नाही. साठीपुढच्या पुष्कळ लोकांत तो आढळतो हे खरे, पण वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह यांचा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांवर झालेला परिणाम त्यात दिसत असतो आणि तुम्हाला दोन्ही आहेत.

चित्र आणि मन यांची जोडी किती सैल असू शकते, याचे एक उत्तम उदाहरण अमेरिकेतील संशोधनात मिळते. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६मध्ये तेथील एका ख्रिस्ती धर्मसंघातील जोगिणींचा (नन) अभ्यास सुरू केला. त्यात ६७८ जणी सहभागी झाल्या, दरवर्षी स्मरणाच्या चाचण्या दिल्या आणि मृत्यूनंतर मेंदू अभ्यासासाठी द्यायला संमती दिली. त्यांच्यातल्या सिस्टर मेरी या पेशाने शिक्षिका. वयाच्या १०१व्या वर्षी निधन होईपर्यंत त्यांचे चाचण्यांतले गुण चांगले होते, पण मेंदू तपासला तेव्हा त्यात अल्झायमरच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराच्या, खुणा भरपूर सापडल्या. अशा निरीक्षणांतून संशोधकांनी मेंदूच्या राखीव क्षमतेची कल्पना मांडली: शिक्षण, वाचन, गुंतागुंतीची कामे आणि माणसांतला वावर यांतून जन्मभर साठलेली गंगाजळी आजाराचे नुकसान काही काळ भरून काढते. हैदराबादेत सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एकाहून अधिक भाषा वापरणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे दिसले, आणि शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. या निष्कर्षावर संशोधकांचे एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी बाजारात हिंदी, घरात मराठी आणि शाळेच्या कागदपत्रांत आणखी इंग्रजी, असे आयुष्य काढलेल्या इंदूरकर शिक्षिकेला तो कळवायला मला संकोच वाटत नाही.

नावे न आठवण्याचे म्हणाल, तर वयाबरोबर मनाचा वेग कमी होतो. माहिती सापडते, पण उशिरा. एका वेळी दोन कामे करणे जड जाते. विशेषनामे सर्वांत आधी दगा देतात. शब्दसंग्रह आणि अनुभवजन्य जाण मात्र पुष्कळ काळ टिकून राहतात. नाव तासाभराने आपोआप आठवले तर ते मंदावलेल्या वेगाचे लक्षण समजावे. काळजीची चिन्हे वेगळी असतात: तोच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा विचारणे आणि विचारल्याचे भानही नसणे, राजवाड्याहून घरी येण्याच्या नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, आयुष्यभर केलेल्या पुरणपोळीची कृती मध्येच तुटणे, विजेचे बिल दोनदा भरणे किंवा भरायचेच राहणे. विशेष म्हणजे अशा वेळी तक्रार बहुधा घरचे करतात, स्वतः माणूस क्वचितच करतो. तुमच्या दोन चुकलेल्या बेरजा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतात. त्या मी हसण्यावारी नेत नाही, पण त्या कोणत्या दिवशी, किती झोपेनंतर आणि किती गोंगाटात केल्या होत्या हे मला आधी विचारावेसे वाटते.

आता गोळ्यांकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिथे आहे असे माझे मत आहे. अल्प्राझोलाम हे काही दिवसांच्या घबराटीसाठी उपयोगी औषध आहे. ५ वर्षे रोज घेण्याचे ते नव्हे. उतारवयात शरीर ते हळू बाहेर टाकते, त्यामुळे रात्रीची अर्धी गोळी सकाळपर्यंत अंगात रेंगाळते, तोल जातो, लक्ष विचलित होते आणि नवी माहिती मनात नीट रुजत नाही. अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने वयस्कांत शक्यतो टाळावयाच्या औषधांची जी यादी केली आहे, तीत हा सगळा गट आहे. आपल्याकडे मात्र दुःखाच्या पहिल्या आठवड्यात कोणीतरी लिहून दिलेली ही गोळी पुढे औषधाच्या दुकानातून वर्षानुवर्षे चालू राहते आणि ती बंद करायची आठवण कोणालाच होत नाही. तरीही माझी कळकळीची विनंती आहे की, हे वाचून ती आज रात्री एकदम सोडू नका. दीर्घकाळ घेतलेली ही गोळी अचानक थांबवल्यास तीव्र अस्वस्थता आणि क्वचित झटकेही येतात. डॉक्टरांच्या सांगण्याने काही आठवड्यांत मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते, आणि त्या काळात झोप थोडी बिघडणार हे धरून चालावे.

पहाटेच्या चक्करीला या गोळीखेरीज आणखी दोन कारणे संभवतात. ग्लिमेपिराइडने साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. रात्रीचे जेवण हलके झाले असेल तर पहाटे ती धोक्याच्या पातळीला पोहोचते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही तिची लक्षणे. घरी ग्लुकोमीटर असेल तर काही दिवस पहाटे उठल्याबरोबर साखर पाहून लिहून ठेवा. ७०च्या खाली आकडा आला तर लगेच साखर किंवा गूळ खा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. उतारवयात साखर फार कडकपणे खाली ठेवण्याचा आग्रह आता धरला जात नाही, कारण वारंवार खाली जाणारी साखर मेंदूलाच घातक ठरते. तुमच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा पाहून ही गोळी कमी करता येईल का, हे अवश्य विचारा. दुसरी शक्यता अशी की बसल्या जागी १५० असणारा तुमचा रक्तदाब उभे राहिल्यावर घसरत असावा. म्हणून डॉक्टरांना तो झोपून आणि उभे राहून तीन मिनिटांच्या आत, असा दोन्ही वेळा मोजायला सांगा; वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला तर औषध वाढवण्याआधी त्याचा विचार करावा लागतो.

एक सूचना तातडीची आहे. उतारवयात डोक्याला मार लागल्यावर मेंदूच्या आवरणाखाली कधी कधी रक्त अगदी सावकाश साचते आणि लक्षणे काही आठवड्यांनी दिसू लागतात. त्या वेळचा एमआरआय स्वच्छ होता म्हणून निश्चिंत राहू नये. डोकेदुखी वाढत जाणे, दिवसा गुंगी येणे, एका बाजूचा हात किंवा पाय कमजोर वाटणे, चाल बदलणे किंवा काही दिवसांतच वागणे गोंधळलेले होणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता रुग्णालयात जा. वेळीच कळले तर शस्त्रक्रियेने हा त्रास पुष्कळदा पूर्ण बरा होतो.

रक्ताच्या तपासण्यांत जीवनसत्त्व बी-१२ची तपासणी आवर्जून करा. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ते कमी होते, हे इतके प्रस्थापित आहे की ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२मध्ये डॉक्टरांना त्याबाबत स्पष्ट सूचना दिली. त्यात तुम्ही शाकाहारी असाल आणि पित्तासाठी रोज गोळी घेत असाल, तर शक्यता आणखी वाढते. बी-१२च्या कमतरतेने स्मरण मंदावते, पायांना मुंग्या येतात, तोल बिघडतो आणि मन उदासही होते; इंजेक्शन किंवा गोळ्यांनी ती भरून निघते, मात्र फार उशीर झाला तर मज्जातंतूंचे नुकसान पूर्णपणे भरत नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाचे कार्य आणि रक्तातले सोडियम हे त्याच रक्तातून तपासून घ्यावे. यजमान गेल्यापासूनचे एकटेपण आणि मंडळ सुटणे पाहता, मनाची उदासी हेही कारण असू शकते. वयस्कांतले नैराश्य रडण्यातून कमी आणि विसरण्यातून अधिक प्रकट होते, हे डॉक्टरांनाही कधी कधी लक्षात आणून द्यावे लागते.

सगळ्या एकदम बोलू लागल्या की काही उमगत नाही, असे तुम्ही लिहिता. हे वाचल्यावर तुमच्या कानांविषयी मला जवळजवळ खात्रीच वाटते. वयाबरोबर येणारा बहिरेपणा शांत खोलीत जाणवत नाही; गोंगाटात मात्र शब्दांची टोके गळतात आणि गळलेला शब्द ओळखण्यात मेंदूची शक्ती खर्च होते. जे नीट ऐकूच आले नाही ते नंतर आठवणार कसे, हा साधा प्रश्न घरोघरी कोणी विचारत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्याजोगी कारणे मांडली आणि ती सर्व दूर झाली तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळतील किंवा लांबणीवर पडतील, असा अंदाज दिला. बहिरेपणा हे त्यांतले एक मोठे कारण आहे. हा हिशेब समाजाचा आहे, एका माणसाचा नव्हे, एवढे भान ठेवावे. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षे केलेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्रवणयंत्राने सर्वांना मिळून पाहता बौद्धिक घसरणीत फरक पडला नाही; परंतु ज्यांचा धोका मुळातच जास्त होता त्या गटात घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब असलेल्या तुम्ही त्या दुसऱ्या गटाच्या जवळ आहात. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून आधी मळ काढून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणाची चाचणी, करा, आणि यंत्र लागले तर ते दोन-तीनदा जाऊन जुळवून घ्या. पहिल्या आठवड्यात भांड्यांचा आवाज असह्य वाटतो म्हणून पुष्कळ यंत्रे कपाटात जातात.

रक्तदाबाबाबत संशोधन आशादायक आहे, पण जपून वाचावे लागते. वरचा आकडा १४०ऐवजी १२०च्या खाली ठेवल्यास स्मरणाच्या सौम्य दुर्बलतेचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी घटले, असे अमेरिकेच्या एका मोठ्या चाचणीच्या २०१९च्या निष्कर्षांत दिसले. स्मृतिभ्रंशातली घट मात्र निर्विवाद ठरली नाही, शिवाय त्या चाचणीत मधुमेहींना घेतलेच नव्हते. म्हणून १२०चा आग्रह तुमच्यासाठी मी धरणार नाही. १५० मात्र नक्कीच जास्त आहे. उभे राहिल्यावर चक्कर न येता तो १४०च्या खाली आणि जमल्यास १३०च्या जवळ यावा, असे उद्दिष्ट डॉक्टरांशी बोलून ठरवा.

नातेवाइकांनी दिलेल्या बुद्धिवर्धक गोळ्यांवर नेमके काय लिहिले आहे ते मला ठाऊक नाही, पण अशा गोळ्यांत अनेकदा असणाऱ्या जिन्को या वनस्पतीच्या अर्काविषयी पक्की माहिती आहे: ३,०६९ वयस्कांवरील अमेरिकी चाचणीत त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही, असे २००८मध्येच जाहीर झाले. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर ते रक्तस्राव वाढवू शकते आणि तुमच्या डोक्याला नुकताच मार लागला आहे. तेव्हा त्या गोळ्या बाजूला ठेवा. डोनेपेझिलसारखी औषधे निदान झालेल्या अल्झायमरमध्ये लक्षणांना थोडा आधार देतात. निदानाआधी ‘बचाव म्हणून’ घेण्याची ती नाहीत. लेकानेमॅब या नव्या औषधाच्या बातम्या मुलाने वाचल्या असतील. त्याने सुरुवातीच्या अवस्थेतली घसरण १८ महिन्यांत सुमारे २७ टक्क्यांनी मंदावते, आजार थांबत नाही, आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका असतो. तुमच्याशी त्याचा आज काहीही संबंध नाही.

आईच्या आजाराची भीती समजण्यासारखी आहे. आई किंवा वडिलांना हा आजार असल्यास धोका काहीसा वाढतो, परंतु जनुकातून थेट येणारा प्रकार फार दुर्मीळ असून तो बहुधा पासष्टीच्या आत दिसतो. ऐंशीनंतर सुरू झालेला आईचा आजार हा तुमच्या बाबतीत ठरलेला निकाल नव्हे. भारतात साठीपुढच्या १०० जणांत सुमारे ७ जणांना स्मृतिभ्रंश असतो, असा देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे; वय वाढते तसे हे प्रमाण वाढते.

मुलाचे म्हणणे प्रेमापोटी आहे, पण क्रम उलटा आहे. एका अहवालावरून घर विकणे आणि ओळखीच्या गल्ल्या, शेजार, दुकानदार, मंडळ, सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेची नाटके हे सर्व एकदम सोडणे, हे मी तपासण्या होईपर्यंत तरी करू देणार नाही. अनोळखी शहरात, ऐकू कमी येत असताना, धडधाकट माणूसही गोंधळल्यासारखा दिसतो आणि मग घरच्यांना वाटते की आपले बरोबरच होते. पुण्याला महिनाभर राहून या. पुढचे नंतर ठरवा. बँकेचा व्यवहार तुमच्याकडेच असावा. खाते मुलासह संयुक्त करा, व्यवहाराचे संदेश त्याच्याही मोबाइलवर जाऊ द्या आणि ऑनलाइन व्यवहारांना कमी मर्यादा घाला; पोलीस असल्याची बतावणी करून फोनवर लुबाडणाऱ्यांना तल्लख माणसेही फसतात, म्हणून ही काळजी प्रत्येकानेच घ्यावी. मृत्युपत्र केले नसेल तर आताच, मन खणखणीत असताना करून टाका. साधे मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती निर्णयक्षम राहिली नाही तर ते सहसा निरुपयोगी होते, हेही मुलाला सांगा.

मंडळाचा हिशेब सोडू नका. एखाद्या सहकारी ताईंना ताळा पाहायला बसवा. चालणे सुरू करा. अमेरिकेत १२० वयस्कांपैकी ज्यांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटे भरभर चालण्याचा क्रम ठेवला, त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढल्याचे २०११मध्ये आढळले. नंतरच्या सर्व अभ्यासांत तसे दिसले नाही, पण रक्तदाब, साखर, झोप आणि तोल या चौघांनाही चालण्याचा फायदा होतो आणि तेवढे कारण मला पुरेसे वाटते. चक्करीचा उलगडा होईपर्यंत मात्र एकट्याने पहाटे बागेत जाऊ नका. संध्याकाळी कोणाच्या तरी सोबतीने जा आणि रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवा.

स्मरणाची औपचारिक चाचणी, म्हणजे ३० गुणांची प्रश्नावली, हे सर्व मार्गी लागल्यावर, म्हणजे झोपेची गोळी उतरल्यावर, बी-१२ भरून आल्यावर आणि कानांची सोय झाल्यावर करावी, नाहीतर गुण विनाकारण कमी येतील. ती तुम्ही ज्या भाषेत मनात बेरीज करता त्याच भाषेत घ्यायला सांगा. इंदुरात तपासणारे हिंदीतच सुरुवात करतात. मुलाला त्या दिवशी बोलवा, कारण गेल्या वर्षभरात काय बदलले हे डॉक्टर त्यालाही विचारतील. सहा महिने ते एक वर्षाने तीच चाचणी पुन्हा द्या. दोन वेळच्या गुणांतला फरक हा एका वेळच्या गुणांपेक्षा अधिक काही सांगतो. नवे लक्षण नसेल तर दरवर्षी एमआरआय काढण्याची गरज नाही, ते पैसे श्रवणयंत्राकडे वळवा.